बाळ येशूची मूर्ती सुटी हवी: मोठ्या कुटुंबाच्या नाताळासाठी घेतलेला गव्हाणीचा लाकडी संच

आमच्या घरी नाताळाला सासरची आणि माहेरची मिळून २१ माणसे जमतात. सासरचे सगळे कॅथलिक, माहेरचे सगळे प्रोटेस्टंट, आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना आपापल्या घरची रीत मनापासून प्रिय आहे. त्यामुळे ख्रिस्तजन्माचा देखावा, ज्याला बोलताना आम्ही क्रिबच म्हणतो, हा आमच्याकडे नुसत्या शोभेचा विषय कधीच नव्हता. गेली कित्येक वर्षे आमच्याकडे प्लास्टरचा एक जुना संच होता आणि त्यात मरिया, योसेफ, गव्हाणी आणि बाळ येशू हे सारे एकाच पाटावर पक्के चिकटवलेले होते. सासऱ्यांच्या रीतीप्रमाणे २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी राहायला हवी, पण बाळ काही निघत नसे. म्हणून ते दरवर्षी आपला पांढरा हातरुमाल चौपदरी घडी करून बाळावर ठेवत आणि मध्यरात्रीच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परतल्यावर तो उचलत. मागच्या वर्षी आवराआवर करताना त्या पाटाला मधोमध तडा गेला, तेव्हा नवा संच घेताना मी एकच अट ठेवली: प्रत्येक मूर्ती सुटी हवी.

आता ६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण होऊन गेला आहे आणि संच पुन्हा पेटीत गेला आहे. जवळजवळ सहा आठवडे तो मांडलेला होता आणि त्याला लहानथोर अशा सगळ्यांचे हात लागले, त्यामुळे त्याच्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल.

संचात १६ नग आहेत: मरिया, योसेफ, बाळ, गव्हाणी, तीन मागी (बाळाच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ज्ञानी), दोन मेंढपाळ, एक देवदूत, बैल, गाढव, तीन मेंढ्या आणि एक उंट. गोठा वेगळा येतो आणि तो घरी जोडावा लागतो. सर्वांत उंच मूर्ती, म्हणजे उभा योसेफ, १५ सेंटीमीटरची आहे आणि गोठ्याची रुंदी ४० सेंटीमीटर आहे. एवढा देखावा एका मध्यम आकाराच्या मेजावर ऐसपैस बसतो आणि समोर दाटीने उभ्या राहिलेल्या माणसांना मागूनही दिसतो. लाकूड फिकट रंगाचे, घट्ट आणि हाताला गुळगुळीत लागणारे आहे. कडा घासून गोल केल्यामुळे लहान मुलांच्या हाताला कुठे कूस लागली नाही. रंग पातळ दिलेला असल्याने त्याखालून लाकडाच्या रेषा दिसतात आणि मला स्वतःला हे चकचकीत रंगकामापेक्षा कितीतरी अधिक आवडले.

या संचातली सर्वांत चांगली वस्तू म्हणजे गव्हाणी. बहुतेक संचांत गव्हाणी हा वरून सपाट असा ठोकळा असतो आणि त्यावर गवत रंगवलेले असते. येथे ती खरोखरच आतून कोरलेली आहे, सुमारे तीन सेंटीमीटर खोल, आणि आतल्या बाजूला पटाशीचे बारीक घाव तसेच ठेवले आहेत. या खोलपणामुळे आमच्याकडे एक जुनी रीत पुन्हा सुरू झाली. अनेक कॅथलिक घरांत आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, मुलांनी एखादे चांगले काम केले, की त्यांना गव्हाणीत गवताची एक काडी ठेवायला मिळते, म्हणजे नाताळापर्यंत बाळासाठी मऊ अंथरूण तयार होते. माझ्या नवऱ्याने ही रीत लहानपणी पाळलेली होती, पण चिकटवलेल्या बाळाखाली काडी ठेवणार कुठे? यंदा नणंदेची सहा वर्षांची मुलगी आजीच्या चष्म्याची काच पुसून आली आणि दोन बोटांत काडी धरून ती गव्हाणीच्या कडेला नीट समांतर लावू लागली. तिच्या पाठोपाठ माझ्या भावाचे दोन्ही मुलगे, ज्यांच्या घरी असे काही करत नाहीत, तेही कामे शोधू लागले. २४ तारखेपर्यंत गव्हाणी काठोकाठ भरली होती.

बाळ आणि गव्हाणी सुटी असण्याला मी इतके महत्त्व का देते, हे या देखाव्याच्या मुळाशी गेल्यावर कळते. १२२३ सालच्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो या गावी हा देखावा मांडला, तेव्हा तेथे खऱ्या गवताची गव्हाणी होती, जिवंत बैल होता आणि जिवंत गाढव होते, आणि त्या गव्हाणीपाशीच मिस्सा झाली. लोक मशाली आणि मेणबत्त्या घेऊन तेथे आले होते. म्हणजे हा देखावा आरंभापासूनच माणसांनी जवळ येऊन, त्यात सामील होऊन करायचा होता. काचेच्या कपाटात ठेवून लांबून पाहायची नाजूक चिनीमातीची मूर्ती कितीही सुंदर असली, तरी हे काम तिच्याकडून होत नाही.

रिकाम्या गव्हाणीवरून आमच्याकडे थोडी चर्चा झालीच. माझ्या आईला बाळाशिवायचा देखावा पोरका वाटतो. तिच्या माहेरी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीच सगळा देखावा पूर्ण मांडत. सासऱ्यांचे म्हणणे असे की, आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे आणि ज्याची वाट पाहायची तो आधीच येऊन बसला असेल, तर वाट कसली पाहायची. शेवटी दोघांनी मिळून जे ठरवले, ते मला फार आवडले. बाळ पेटीतच राहील, आणि ते गव्हाणीत ठेवण्याआधी आई बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचेल. माझ्या माहेरी मूर्तीपेक्षा वाचनाला मान अधिक आणि सासरी या प्रसंगी वाचनाची पद्धत नव्हती. त्या रात्री मिस्सेहून सगळे परतल्यावर दिवे मंद केले, आईने वाचायला सुरुवात केली, आणि उतारशाळेत त्यांना जागा नव्हती या वाक्यापर्यंत ती आली तेव्हा सासऱ्यांनी पेटीतून बाळ काढले. त्यांचा हात हल्ली कापतो. कुटुंबातली सर्वांत धाकटी नात त्यांच्या मनगटाला धरून उभी होती आणि दोघांनी मिळून ते काड्यांवर अलगद टेकवले. मूर्ती सहा सेंटीमीटरची आहे, म्हणजे कापणाऱ्या हातालाही धरता येते आणि पडली तरी फुटत नाही. संच निवडताना ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नव्हती.

गोठ्याची जोडणी सोपी आहे. दोन बाजूच्या भिंती, मागची भिंत आणि छप्पर खाचांत बसतात आणि चार स्क्रूंनी आवळले जातात. दिरांनी ते काम १५ मिनिटांत केले. सोबतचा सूचनांचा कागद मात्र इतक्या बारीक अक्षरांत छापलेला आहे की, घरातल्या तीन चष्मेवाल्यांना तो वाचता आला नाही. छपरात बॅटरीवर चालणारा एक लहान दिवा आहे. त्याचा प्रकाश पिवळसर, सौम्य आणि डोळ्यांना सुखद आहे, पण त्याचे बटण छपराच्या मागच्या बाजूला असल्यामुळे प्रत्येक वेळी गोठा थोडा पुढे ओढावा लागतो आणि त्या ओढाओढीत मेंढ्या आडव्या होतात.

दिव्यावरून एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. माहेरची मंडळी आगमनकाळाचे चक्र घेऊन आली होती, म्हणजे हिरव्या फांद्यांचे गोल चक्र आणि त्यावर चार रविवारांच्या चार मेणबत्त्या. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्‍रिख विखर्न या लूथरन धर्मगुरूने आपल्या आश्रमातल्या मुलांना नाताळ किती दिवसांवर आला हे कळावे, म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या. त्यातूनच ही पद्धत रूढ झाली आणि पुढे कॅथलिक घरांनीही ती आपली केली. हे चक्र देखाव्याच्या शेजारी ठेवण्याचा सर्वांचा आग्रह होता आणि दिसायलाही ते सुरेख दिसले असते, पण लाकडी गोठा, सुके गवत आणि पेटती मेणबत्ती एका मेजावर ठेवू नये. आम्ही चक्र समोरच्या मेजावर ठेवले.

आता मागी लोकांकडे वळते, कारण मुलांचा सर्वाधिक वेळ त्यांच्यात गेला. मत्तयकृत शुभवर्तमानात मागी किती होते याचा आकडा नाही. सोने, ऊद आणि गंधरस ही तीन दाने सांगितली आहेत, आणि त्यावरून तिघे ही समजूत दृढ झाली. ते पूर्वेकडून येतात, म्हणून आम्ही त्यांना आणि उंटाला घराच्या पूर्वेकडच्या खोलीतल्या पुस्तकांच्या फळीवर ठेवले आणि रोज एक मूल त्यांना थोडे पुढे सरकवू लागले: फळीवरून खिडकीत, खिडकीतून टेलिफोनच्या तिवईवर. ६ जानेवारीला त्यांनी गोठ्याशी पोहोचायचे असते. त्याआधीच पाहुणे आपापल्या घरी गेले होते, म्हणून शेवटची हालचाल व्हिडिओ कॉलवर झाली. भावाचा धाकटा मुलगा पडद्यावरून सांगत होता आणि सासूबाई त्याच्या सांगण्याप्रमाणे उंट ठेवत होत्या.

याच चार मूर्तींत संचाचे उणेपणही आहे. उंटाचे पाय सुबक आहेत, पण तळ अरुंद असल्यामुळे मेजावर कापड अंथरले की तो कलतो आणि पडतो. आम्ही त्याच्या पायांखाली जाड पुठ्ठा चिकटवला, पण एवढे काम निर्मात्यानेच करायला हवे होते. तिन्ही मागींचे चेहरे तंतोतंत सारखे आहेत. जुन्या चित्रकारांच्या परंपरेत एक मागी तरुण, एक प्रौढ आणि एक वृद्ध असा दाखवतात, आणि तिघे निरनिराळ्या भूभागांतून आलेले मानल्यामुळे त्यांचे वर्णही वेगळे असतात. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकत्र जमतात अशा घरात हा भेद मूर्तींत दिसला असता, तर मुलांना त्यातून बरेच काही सांगता आले असते. एकच साचा तीनदा वापरून केवळ झग्यांचे रंग बदलणे हा आळस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय दानांच्या तीन पेट्या सुट्या आहेत आणि प्रत्येक पेटी हरभऱ्याहून थोडीच मोठी आहे. तीन वर्षांखालची मुले घरात असतील, तर त्या पेट्या पहिल्याच दिवशी काढून ठेवाव्यात. लहान मूल ती सहज तोंडात घालू शकते. खोक्यावर याचा इशारा ठळक छापलेला नाही, ही मला या संचातली सर्वांत गंभीर चूक वाटते.

रंगाबाबतही जपावे लागेल. योसेफाच्या झग्यावर मेणाचा थेंब पडला होता. तो ओल्या फडक्याने पुसताना निळा रंग फडक्याला लागला आणि खांद्यावर नखाएवढा फिकट डाग राहिला. धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच झटकावी.

विक्रेत्याविषयी थोडे सांगायला हवे. संच आला तेव्हा एका मेंढपाळाची काठी मोडलेली होती. छायाचित्र पाठवल्यावर त्यांनी वाद न घालता नवी मूर्ती देण्याचे कबूल केले, पण ती हाती यायला ११ दिवस लागले आणि तोवर आगमनकाळाचा पहिला रविवार होऊन गेला होता. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, म्हणजे बऱ्याच घरांत मांडणी डिसेंबर उजाडण्यापूर्वीच सुरू होते, आणि ज्यांना सणाच्या वस्तू विकायच्या आहेत त्यांना हे ठाऊक असायला हवे. घेणाऱ्यांनी संच निदान महिनाभर आधी मागवावा आणि आल्याबरोबर १६ ही नग मोजून, उजेडात धरून पाहावेत.

पेटी मात्र फार विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक मूर्तीला तिच्या आकाराचा खळगा आहे, त्यामुळे आवरताना मुलांनाही कोणती मूर्ती कुठे जाते हे आपसूक कळते. आवरायचे कधी, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही: माहेरी ६ जानेवारीला आवरतात, तर सासरच्या एका मावशींच्या घरी नाताळापासून ४० दिवस पूर्ण करून २ फेब्रुवारीपर्यंत देखावा ठेवतात. यंदा आम्ही सगळे आवरले, पण गोठा आणि पवित्र कुटुंब मावशींच्या इच्छेखातर एक आठवडा अधिक राहू दिले. सुट्या मूर्तींमुळे तेही जमले.

फ्रान्समधल्या प्रोव्हान्सात मातीच्या छोट्या मूर्तींची जुनी परंपरा आहे. राज्यक्रांतीच्या काळात चर्च बंद झाली, तेव्हा लोकांनी घरच्या घरी देखावे मांडायला सुरुवात केली, आणि हळूहळू त्यांत कोळी, दळणारा, पाणक्या, म्हातारी अशी गावातली सगळी माणसे बाळाच्या भेटीला येऊ लागली. हे मी जेवणाच्या वेळी सांगितले, तेव्हा पुढच्या नाताळाला प्रत्येक घराने एक मूर्ती आणावी असे सर्वांनी ठरवले. याच मापाच्या सुट्या मूर्ती मिळतील का, असे मी विक्रेत्याला विचारले आहे. मेंढपाळ आणि मेंढ्या मिळतील असे त्यांचे उत्तर आले. इतर माणसे ते करत नाहीत. तेव्हा माझ्या भावाने लाकडाचा एक तुकडा आणून ठेवला आहे, आणि सासऱ्यांना चष्मा पुसून देणारी मुलगी त्यातून कोरून हवी आहे.