घोलवडच्या वाडीवरचा चिकू: पेटी घ्या, पावडर राहू द्या

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर पुढचं वाचायला नको. ताजा चिकू डोळे मिटून घ्या. चिप्स घ्या, पण खाताना हात आवरा. पावडर घेऊ नका. आइस्क्रीम रांग नसेल तरच.

आता सविस्तर. मी विरारला जेवणाचे डबे करते. ऑफिसात जाणारी पोरं, दोन-तीन नर्स, काही एकटे राहणारे आजी-आजोबा असे माझे लोक. रविवारच्या डब्यात गोड म्हणून फळ नाहीतर कस्टर्ड जातं. त्यामुळे फळ घेताना मी चव बघते तेवढंच वाया किती जाणार तेही बघते. किलोभर चिकूतून पाव किलो कचऱ्यात गेला, तर तो कितीही गोड असो, मला परवडत नाही. हे परीक्षण त्या नजरेनं वाचा.

जागा म्हणाल तर डहाणूहून बोर्डीकडे जाणारा समुद्राकडचा रस्ता. नरपड, चिखले, मग घोलवड. डाव्या हाताला सुरूची झाडं आणि समुद्र, उजव्या हाताला वाड्या. अशाच एका वाडीच्या फाटकाशी पत्र्याखाली टेबल मांडून विक्री चालते. नाव देत नाही, कारण मालकीणबाईंनी तसं सांगितलंय. ‘गर्दी झाली तर माल कुठून आणू?’ त्या पारशी आहेत, मराठी गुजराती वळणाचं, आणि गिऱ्हाइकाला दम देण्यात कोणाला ऐकायच्या नाहीत. मी पाच किलोची पेटी मागितली तर पैसे घ्यायच्या आधी विचारलं, ‘खायचा कधी हाय?’ म्हटलं, उद्या. ‘मग नको घेऊस. चार दिवस हात नाय लावायचा.’

तिथेच माझं मत बनलं, कारण चिकूच्या बाबतीत हाच खरा प्रश्न आहे. चिकू झाडावर पिकेपर्यंत ठेवत नाहीत. तो तयार झाला की कडकच उतरवतात आणि मग तो घरात पिकतो. तयार झालाय की नाही हे ओळखायची रीत मला टेबलामागच्या वारली ताईंनी दाखवली. सालीवरची तपकिरी भुकटी नखानं जराशी खरवडायची. खाली पिवळट दिसलं तर फळ तयार. हिरवं दिसलं आणि चीक आला, तर ते घाईनं तोडलेलं. असं फळ मऊ पडेल, गोड होणार नाही, वर जिभेला तुरटपणा चिकटेल तो वेगळाच. माझ्यासमोर ताईंनी पेटीतली तीन फळं नखानं तपासून बाजूला काढली. मी सांगितलं नव्हतं.

जात कालीपत्ती. पानं गडद हिरवी म्हणून हे नाव. फळ लांबट गोल, गर मऊ, बिया कमी. ‘क्रिकेटबॉल’ नावाची एक मोठी गोल जात असते. बाजारात ती रुबाबदार दिसते, पण गर रवाळ आणि गोडी बेताची. डब्यात फोडी घालायच्या तर मला ती आकारामुळे सोयीची पडली असती, पण चव कुठून आणायची? या पट्ट्यात चिकूची लागवड 1898 पासूनची आहे, आणि 2016 साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं. 2021 मध्ये हा मानांकनाचा माल इंग्लंडलाही गेला. मालकीणबाईंना याचं कौतुक आहे, पण ‘इंग्लंडला गेला त्यानं माझ्या मजुरीचा खर्च नाय सुटला’ हेही त्यांनीच ऐकवलं.

भाव 70 रुपये किलो, मी गेले तेव्हा, फेब्रुवारीअखेर. विरार स्टेशनबाहेर साधारण तेवढाच असतो, कधी दहा-वीस जास्त. म्हणजे स्वस्त मिळतो म्हणून एवढ्या लांब जाऊ नका. जायचं ते आत काय आहे त्यासाठी. स्टेशनबाहेरचा चिकू पुष्कळदा बाहेरून लिबलिबीत आणि बियांपाशी कडक निघतो. फळ कशानं पिकवलंय ते विकणारा सांगत नाही, त्यालाही ठाऊक नसतं. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, इथिलीन वायू ठरवून दिलेल्या प्रमाणात चालतो. पण हातगाडीपाशी उभं राहून यातलं कुठलं वापरलं ते कसं ओळखणार? कडक फळ आणून स्वतः पिकवलं की हा प्रश्नच मिटतो.

पिकवायची पद्धत त्यांनी सांगितली तशीच केली. वर्तमानपत्रावर एका थरात पसरले, वर सुती कापड. प्लास्टिक नाही. फ्रिज तर मुळीच नाही. कच्चा चिकू गारठला की नीट पिकत नाही, नुसता आकसतो. चौथ्या दिवशी निम्मे मऊ झाले, उरलेले पाचव्या-सहाव्या दिवशी. पिकला की मग फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस काढतो. पाच किलोत तीन फळं आतून तपकिरी निघाली आणि एकात बी पोखरणारी अळी होती. माझ्या हिशेबानं हे फारच कमी आहे. आणि सगळे एकदम पिकले नाहीत हे तर बरंच झालं, नाहीतर मला एका दिवसात साठ माणसांना चिकू खाऊ घालावा लागला असता.

चव. काकवीसारखा वास, गर ओलसर, दाताखाली बारीक रवा लागतो तेवढाच. चीक अजिबात नाही. सगळ्यात चांगला लागतो तो आडवा चिरून चमच्यानं खरवडून. मिल्कशेकच्या भानगडीत पडू नका असं मी म्हणणार नाही, पोरांना तोच आवडतो, पण मग वरून साखर घालू नका. आणि दूध गार हवं. कस्टर्डमध्ये घालायचा तर कस्टर्ड पूर्ण थंड झाल्यावर घाला. चिकू शिजवला की त्याचा वास उडतो आणि उरते ती मळकट गोडी. बिया मात्र एकूण एक मोजून काढा. त्यांना टोकाला आकडा असतो, म्हाताऱ्या माणसांच्या आणि लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. माझ्या डब्यात फोडीच जातात, अख्खं फळ कधीच नाही, ते याच्याचसाठी.

आता पोषणाचं, कारण डब्याच्या गिऱ्हाइकांकडून रोज एक तरी सल्ला मिळतो. कोणी म्हणतं चिकूनं वजन वाढतं, कोणी म्हणतं ताकद येते. 100 ग्रॅम चिकूच्या गरात साधारण 83 कॅलरी असतात. केळ्यात 89. म्हणजे केळं खाणाऱ्यांनी चिकूला नावं ठेवायचं कारण नाही. चिकूची खरी बाजू म्हणजे तंतू, 100 ग्रॅमला पाच ग्रॅमच्या वर. केळ्यात त्याच्या निम्मेच, आंब्यात दीड-एक ग्रॅम. माझ्याकडच्या एका आजोबांना सकाळी पोट साफ होण्याची कायमची तक्रार, त्यांना मी एक चिकू जास्त घालते. ‘क’ जीवनसत्त्वात मात्र चिकू मागे पडतो. 100 ग्रॅमला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास. पेरू त्याच मापाला दोनशेच्या वर देतो. म्हणून हिवाळ्यात मी एक रविवार पेरू, एक रविवार चिकू असं चालवते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली दिलेल्या सूचनांमध्ये दिवसाला 100 ग्रॅम फळ सांगितलंय. मध्यम आकाराचे दोन चिकू सोलून, बिया काढून जवळपास तेवढेच भरतात. एका बैठकीला सहा खाणाऱ्यांनी हे वाचलं नाही असं समजावं. आमच्या घरातही असे एक आहेत, साखरेच्या गोळ्या चालू असताना. मी नाव घेत नाही, ते हे वाचतात.

चिप्स. 100 ग्रॅमचं पाकीट 90 रुपये. मागे घटक म्हणून फक्त ‘चिकू’ लिहिलंय, आणि तसंच वाटतं. साखरेचा पाक नाही, तळलेले नाहीत. चकत्या करून जाळीच्या सौर वाळवणीत वाळवतात, ती वाळवणी वाडीच्या मागे बघायला मिळाली. झाकण होतं, माशा नव्हत्या. कुरकुरीत असतील असं समजू नका, चामट असतात, चावायला वेळ लागतो, आणि शेवटी जिभेवर खजुराजवळ जाणारी गोडी उरते. मला आवडले. पण हिशेब करा. ताज्या चिकूत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. ते गेलं की 100 ग्रॅम चिप्स म्हणजे जवळजवळ चारशे ग्रॅम गराची गोडी. सात-आठ चिकू एका बैठकीला कोणी खाणार नाही, पण टीव्हीसमोर पाकीट संपतं. मधुमेह असलेल्यांनी चार चकत्यांवर थांबावं, आणि थांबता येत नसेल तर पाकीट घरातच आणू नये. प्रवासाला, ट्रेकला, शाळेच्या डब्याला उत्तम.

पावडर. इथे माझं आणि त्यांचं बिनसलं. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘लोहाने भरपूर, रक्त वाढवते’. मी टेबलापाशीच उभ्या उभ्या हिशेब मांडला. चिकूच्या 100 ग्रॅम गरात लोह जेमतेम 0.8 मिलिग्रॅम. वाळवून चौपट झालं असं धरलं तरी 100 ग्रॅम पावडरीत तीन-सव्वातीन. दुधात आपण घालणार दोन चमचे, म्हणजे पंधरा ग्रॅम. त्यातून मिळालं अर्धा मिलिग्रॅम. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं. त्या दोन चमच्यांनी रक्त वाढायचं असतं, तर माझ्याकडच्या नर्स मुलींनी लोहाच्या गोळ्या कशाला घेतल्या असत्या? शिवाय वाळवताना ‘क’ जीवनसत्त्व बरंच जातं, म्हणजे लोह अंगी लागायला मदत करणारंच कमी झालं. मालकीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘छापणाऱ्यानं लिवलंय, सगळे तसंच लिवतात.’ सगळे लिहितात म्हणून खरं होत नाही. 250 ग्रॅमला 220 रुपये होते. चवीला वाईट नाही, पण दुधात गुठळ्या होतात आणि रंग चहासारखा येतो. त्याच पैशात तीन किलो ताजा चिकू येतो. लोहासाठी अळिवाचे लाडू करा.

आइस्क्रीमबद्दल फार नाही. हातानं केलेलं, चिकूचे तुकडे खरे, साखर गरजेपेक्षा जास्त. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या आल्या की रांग फाटकाबाहेर जाते आणि मग वाडगे घाईत अर्धवट गोठलेले देतात. आठवड्यातल्या दिवशी गेलात तर बघा.

वाडी आतून बघू देतात, पैसे घेत नाहीत. जुनी झाडं एवढी पसरलेली आहेत की खाली ऊन येत नाही. लांब बांबूच्या टोकाला कापडी झोळी लावलेल्या काठीनं फळ उतरवतात, उंचावरचं शिडी लावून. खाली पडून आपटलेलं फळ पेटीत घालत नाहीत, ते वेगळं विकतात, निम्म्या भावात. आज रात्रीच हलवा करणार असाल तर तेच घ्या. पांढरे कपडे घालून झाडाखाली जाऊ नका, चिकाचा डाग निघत नाही. डहाणू तालुका 1991 च्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलाय, कारखान्यांवर बंधनं आहेत. त्यावर मालकीणबाई अर्धा तास बोलू शकतात. वेळ असेल तर विषय काढा, त्या बोलता बोलता हातात एक-दोन पिकलेले चिकू ठेवतात.

अडचणी सांगायच्या तर ऑनलाइन पैसे घेतात, पण मोबाइलची रेंज मिळेपर्यंत रस्त्यावर जाऊन उभं राहावं लागतं, त्यामुळे रोख ठेवा. स्वच्छतागृह नाही. पेटीला झाकण म्हणून नुसता कागद, दोरी आपली आपण न्यायची. घरपोच पाठवत नाहीत. आणि पावसाळ्यात जाऊ नका, हे त्यांनीच सांगितलं. तेव्हा बुरशीनं फळगळ होते, जे उरतं ते पाणचट लागतं, आणि त्या दिवसांत त्या टेबलच मांडत नाहीत.

ताजा चिकू पाचपैकी पाच, चिप्स चार, आइस्क्रीम अडीच, पावडर एक, तोही पाकीट नीट बंद होतं म्हणून. विरारहून लोकल डहाणू रोडपर्यंतच जाते, पुढे घोलवडला मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून बहुतेक लोक डहाणूहून रिक्षा करतात. परतीचं भाडं जातानाच ठरवून घ्या. हातात पेटी दिसली की ते वाढतं.