बाय-एनसी की बाय-एसए? गडांचे फोटो खुले करण्याआधी

आपल्या फोटोंना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे ‘अटी पाळा आणि न विचारता वापरा’ अशी जाहीर परवानगी, द्यायचा हे ठरलं, की गाडी पुढच्या फाट्यावर अडते. बाय-एनसी, म्हणजे नाव देऊन वापरा पण धंदा करू नका. की बाय-एसए, म्हणजे धंदाही करा, फक्त त्यातून नवं काही घडवलंत तर तेही याच अटींवर खुलं ठेवा? मी चार वर्षं पहिला लावला, मग दुसऱ्यावर आलो. तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा नको.

‘सर्व हक्क राखीव’ हा रस्ता आहेच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने तो हक्क नोंदणी न करताही मिळतो, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या पश्चात ६० वर्षं चालतो. नाणेघाटातल्या शिलालेखाचा माझा फोटो नातवंडांनी कुलपात ठेवावा इतका काही ग्रेट नाही.

एनसी निवडला तो रागापोटी. राजमाचीचा माझा फोटो कुणा रिसॉर्टवाल्याने फ्लेक्सवर लावून गिऱ्हाईक ओढायचं आणि मला चहासुद्धा नाही, हे पचत नव्हतं. शिवाय एनसी ठेवला, तर पैसे मोजणाऱ्याला वेगळी परवानगी विकता येते. फोटोंवरच ज्याचं घर चालतं त्याने बहुधा एनसीच घ्यावा. माझं घर नोकरीवर चालतं.

छळ झाला तो ‘अव्यावसायिक’ या एका शब्दाचा. एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, “अंकाला किंमत आहे हो, पण दरवर्षी पदरचे घालतो. चालेल का?” एक शिक्षिका शिलालेखावर व्हिडिओ करत होत्या, त्यांच्या चॅनलवर जाहिराती लागतात. एक ट्रेक ग्रुप माणशी वर्गणी घेतो, तीही एसटीभाडं आणि पिठलं-भाकरीपुरती. यातलं व्यावसायिक कुठलं? परवान्याच्या ४.० आवृत्तीत व्याख्या आहे: वापराचा मुख्य रोख व्यापारी लाभ किंवा पैशाच्या मोबदल्याकडे नसावा. म्हणजे वापरणारा कोण हे न पाहता वापर कसला ते पाहायचं. वाचायला ठीक आहे, पण फोनवर समोरचा थांबलेला असताना ‘मुख्य रोख’ कसा मोजायचा? मी प्रत्येकाला “बिनधास्त वापरा” म्हणत गेलो. प्रत्येक वेळी विचारून घ्यावं लागणार असेल, तर परवाना लावून मिळवलं काय?

आणि विचारलं कुणी? परवाना वाचणाऱ्यांनी. रिसॉर्टवाल्याने विचारलं नाही. फ्लेक्स लागला, पावसात भिजून फाटला, मला कळलं ते एका मित्राने फोटो पाठवला तेव्हा. ज्यांना द्यायचं होतं तेच दारात उभे, आणि ज्याला अडवायचं होतं तो केव्हाच पसार. माझा निर्णय तिथेच झाला.

भर पडली विकिपीडियाची. तिथला मजकूर २००९पासून बाय-एसएवर आहे, आणि विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाला चित्रं पुरवणारं भांडार, एनसीची चित्रं घेतच नाही. गडावरच्या मराठी लेखात फोटोची जागा रिकामी आणि माझ्या डिस्कवर तोच गड चार ऋतूंत, हे मला जरा लाजिरवाणं वाटलं.

बाय-एसएलाही खोडी आहेत. लोकांना वाटतं, एक फोटो छापला तर अख्खा अंक खुला करावा लागेल. तसं नाही, लेखाशेजारी फोटो जसाच्या तसा छापला तर साधारणपणे ती अट लेखाला लागत नाही, फोटोवर चित्र किंवा कोलाज बेतलं तर लागते. पण हे समजावण्यात माझे काही फोन गेलेच. दुसरं म्हणजे, एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. त्यामुळे जत्रेतले, चेहरे ओळखू येणारे फोटो मी यात टाकत नाही. त्या माणसांच्या खासगीपणाची परवानगी मी कशी देणार? आणि हो, रिसॉर्टवाला आता रीतसर फुकट वापरू शकतो, खाली नाव आणि परवाना टाकला की झालं. थोडं टोचतं. पण नाव गाळलं तर बोट ठेवायला जागा स्पष्ट आहे, ‘मुख्य रोख’ शोधत बसावं लागत नाही.

माझे बहुतेक गड आता बाय-एसएवर आहेत. कोकणकड्याचे मात्र राहिलेत. त्या दिवशी माझी बॅटरी संपली होती, फोटो मित्राने काढले, म्हणजे हक्क त्याचा. त्याला विचारून दोन महिने झाले, अजून “बघू रे” चाललंय.