लेसिकनंतर रात्रीचे फुटणारे दिवे आणि स्क्लेरल लेन्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

लेसिकने, म्हणजे डोळ्यांच्या लेसर ऑपरेशनने, चष्मा गेला, दिवसा नजर एकदम स्वच्छ. तक्रार फक्त रात्रीची. समोरच्या गाडीच्या दिव्याला चारी बाजूंनी काटे फुटायचे, सिग्नलच्या एका लाल दिव्याचे दोन-तीन दिसायचे. गोकुळ शिरगावातून सेकंड शिफ्ट सुटल्यावर हायवेने कोल्हापूरला यायचं, त्यात ऊस हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या. जीव मुठीत धरूनच गाडी चालवायची.

अंधारात बाहुली मोठी होते आणि लेसरने घडवलेल्या भागाच्या कडेवरूनही प्रकाश आत शिरून विस्कटतो. चष्मा इथे फारसा कामाचा नाही. सॉफ्ट लेन्स कॉर्नियाचाच, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचाच, आकार घेते. कडक लेन्स मात्र आपला आकार सोडत नाही, मधली जागा डोळ्यातल्या पाण्याने भरते आणि खालचा उंचसखलपणा झाकला जातो.

आधी छोटी आरजीपी, म्हणजे कॉर्नियावरच बसणारी कडक लेन्स, लावून पाहिली. ट्रायललाच फरक कळला, पण मधोमध चपट्या झालेल्या कॉर्नियावर ती ठरेना, आणि दुचाकीवर धुळीचा कण आत गेला की डोळा उघडायची सोय नाही. मग स्क्लेरल घेतली. ही मोठी असते, पांढऱ्या भागावर टेकते, कॉर्नियाला शिवत नाही.

लावणं हा वेगळाच उद्योग. लेन्स रबरी प्लंजरवर ठेवून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाईनने काठोकाठ भरायची, मान पार खाली घालायची. आत बुडबुडा राहिला की परत पहिल्यापासून. सलाईनचा खर्च कायमचा मागे लागतो, हे कुणी आधी सांगत नाही. पण म्हणून नळाचं पाणी वापरायचं नाही म्हणजे नाही. त्यातल्या अकँथअमीबा नावाच्या सूक्ष्मजीवाने डोळा जाऊ शकतो.

माझ्या मते कंपनीपेक्षा फिटिंग महत्त्वाचं. माझ्या पहिल्या जोडीची कड रुतायची, संध्याकाळी पांढऱ्या भागावर लाल वळ दिसायचा. कड बदलून घेतल्यावर थांबलं. टोपोग्राफी (कॉर्नियाच्या उंचसखलपणाचा नकाशा) करून, डोळ्यात डाय घालून निळ्या उजेडात नीट बघणारा माणूस गाठा, आणि ऑपरेशनआधीचे रिपोर्ट सोबत न्या.

आता काटे जवळजवळ गेलेत, एकाचे तीन दिवे दिसत नाहीत. दिव्याभोवती फिकट वलय उरलंय. एलईडी हेडलाइट डोळ्यांवर येतातच, ते सगळ्यांनाच येतात म्हणा. काही तासांनी लेन्सआड धुकं साचतं, मग काढून, सलाईन बदलून पुन्हा लावायची. झोपताना काढायचीच.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात मी ती लावतच नाही.