टिळकवाडीतला युरोपचा वर्ग : चार रविवार, पाचशे रुपये

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा निवृत्त सुभेदार. नातू यूपीएससीच्या तयारीला लागलाय, म्हणून बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका अभ्यासिकेत 'युरोपचे संरक्षण' या वर्गाला आम्हा दोघांचं नाव घातलं. खानापूरहून सकाळची बस धरायची. वही जास्त माझीच भरली.

पहिला रविवार नुसत्या संस्थांच्या नावांत गेला. दुसऱ्या रविवारी मॅडमनी १९५२ चा करार घेतला. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्ग या सहा देशांचं मिळून एक सैन्य, एक गणवेश. कल्पना फ्रान्सचीच. खरं ३० ऑगस्ट १९५४ ला फ्रान्सच्याच संसदेनं ती ३१९ विरुद्ध २६४ मतांनी बुडवली. पॅरिस जर्मनांच्या हातून सुटून तेव्हा दहाच वर्षं झाली होती.

मी हात वर केला. "मॅडम, मग गोळी चालवायचा हुकूम कुणाचा?"

"काका, हाच तर सगळा प्रश्न आहे," म्हणाल्या आणि नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीच्या १९४९ च्या कराराचं पाचवं कलम फळ्यावर लिहिलं. एकावर हल्ला तो सगळ्यांवर, एवढं मला ठाऊक होतं. पुढं लिहिलंय की प्रत्येक देश त्याला आवश्यक वाटेल ती कारवाई करील. म्हणजे हुकूम शेवटी घरचाच.

आमच्या रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या युद्धात हिंदुस्थानला उतरवताना व्हाइसरॉयनं इथल्या कुणालाही विचारलं नव्हतं. ते मनात होतं, म्हणून चौथ्या रविवारचं डेन्मार्क मला फार भिडलं. युरोपीय संघाच्या संरक्षण धोरणापासून जवळजवळ तीस वर्षं बाजूला राहिलेल्या त्या देशानं १ जून २०२२ ला जनतेचा कौल घेतला, आणि सुमारे ६७ टक्के लोकांनी होकार दिल्यावरच आत पाऊल टाकलं. मॅडमनी हे इतकं जीव ओतून सांगितलं की पोरं चहाला उठली नाहीत.

राग एकाच गोष्टीचा. छापील टिपणांत फिनलंड आणि स्वीडन अजून नाटोबाहेरच आहेत. फिनलंड २०२३ ला आत आला, स्वीडन २०२४ ला. पोरं हे परीक्षेत तसंच उतरवतील. कार्यालयात सांगितलं तर "पुढच्या बॅचला बघू" म्हणाले. पैसे घेऊन दिलेल्या कागदावर असली चूक चालत नाही.

लाल पेनानं दुरुस्त केलेली माझी प्रत खानापूर स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवलीय. वर्गाला जाणाऱ्यांनी ती घेऊनच जावं.