हेल्पडेस्कसाठी एमएमसी कन्सोल: काही महिने वापरल्यानंतर

हेल्पडेस्कच्या मुलांना अख्खं ॲक्टिव्ह डिरेक्टरी यूजर्स अँड कॉम्प्युटर्स (कंपनीच्या नेटवर्कवरची सगळी अकाउंट सांभाळायचं विंडोजचं टूल) उघडून देण्यापेक्षा एमएमसीत (मायक्रोसॉफ्ट मॅनेजमेंट कन्सोल, अशी ॲडमिन टूल्स ज्यात उघडतात ती विंडोजची चौकट) त्यांच्यापुरता वेगळा कन्सोल बनवून द्या, हे मी आता भेटेल त्याला सांगतोय. आमच्याकडे एका ओयूवर (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे अकाउंट ठेवायचा फोल्डरसारखा कप्पा) राइट क्लिक करून 'न्यू विंडो फ्रॉम हिअर' घेतलं, मूळची विंडो बंद केली, टास्कपॅडवर (निवडक कामांची बटणं असलेलं पान) रीसेट पासवर्ड आणि प्रॉपर्टीज एवढीच दोन बटणं ठेवली, व्ह्यूमधल्या कस्टमाइझमधून ट्री आणि मेनू काढले आणि शेवटी ऑप्शन्समध्ये यूजर मोड, लिमिटेड ॲक्सेस, सिंगल विंडो करून फाइल सेव्ह केली. नवीन मुलगासुद्धा न घाबरता काम करतो, कारण चुकून दुसरीकडे क्लिक व्हायला तिथे काही उरतच नाही. बटणं बनवताना त्या ओयूत एखादा तरी यूजर असू द्या, नाहीतर विझार्डमध्ये त्या कमांड दिसतच नाहीत.

पण यालाच सिक्युरिटी समजू नका हो! यूजर मोड म्हणजे दाराला पडदा, कडी नाही. त्या फाइलवर राइट क्लिक करून ऑथर (कन्सोल हवा तसा बदलता येणारा मोड) निवडलं किंवा एमएमसी स्लॅश ए ने उघडली की सगळं परत समोर. ते ग्रुप पॉलिसीतून (सगळ्यांना एकाच ठिकाणाहून सेटिंग लावायची विंडोजची सोय) बंद करावं लागतं, यूजर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, मग मायक्रोसॉफ्ट मॅनेजमेंट कन्सोल, तिथे ऑथर मोड अडवायची सेटिंग आहे. शेजारीच फक्त परवानगी दिलेले स्नॅप-इन (एमएमसीत उघडणारी एकेक टूल्स) चालू देणारी पण आहे, ती लावली तर लागणारा प्रत्येक स्नॅप-इन हाताने एनेबल करा, नाहीतर इव्हेंट व्ह्यूअरसुद्धा उघडत नाही आणि सकाळी सकाळी फोन सुरू.

आणि एवढं करूनही पॉवरशेल (कमांड टाइप करून तीच कामं करायचं टूल) आहेच, त्यामुळे खरी कडी म्हणजे एडीतल्या, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या परमिशन. डेलिगेशन विझार्डमधून पासवर्ड रीसेटचा अधिकार त्या ओयूपुरता हेल्पडेस्कच्या ग्रुपला द्या, एकेकट्या माणसाला नको, माणसं बदलत राहतात. लॉक झालेलं अकाउंट अनलॉक करायला त्याच्या लॉकआउटटाइम या फील्डवर रीड आणि राइट वेगळं द्यावं लागतं, रीसेटच्या परवानगीत ते येत नाही, बरेच जण इथेच अडकतात. शिवाय मशीनवर आरसॅट (रिमोट सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशन टूल्स, ही टूल्स साध्या विंडोजवर आणणारं पॅकेज) हवंच, विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ते ऑप्शनल फीचर्समधून टाकता येतं.

डोमेन ॲडमिनचा (अख्ख्या नेटवर्कचे अधिकार असलेल्या अकाउंटचा) पासवर्ड मात्र हेल्पडेस्ककडून रीसेट होणार नाही, ॲडमिनएसडीहोल्डरमुळे (अशा अकाउंटच्या परमिशनचा एडीतला ठरलेला नमुना) त्या अकाउंटच्या परमिशन दर ६० मिनिटांनी पूर्ववत होतात. कोणी कितीही घाई केली तरी तिथे हात लावू नका, ते तसंच असायला हवं.