विमान एक, को-पायलट सहा

चार्टर कंपनीत को-पायलटची नोकरी देतो म्हणून कुणी टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक प्रकारच्या विमानाच्या ट्रेनिंगचे, पैसे मागितले, तर पगाराचं नंतर बोला. आधी विचारा, विमानं किती आणि त्यांवर को-पायलट किती. मी होतो त्या कंपनीकडे एकच टर्बोप्रॉप विमान होतं आणि त्यावर आम्ही सहा जण. एरवी ते महिन्याला जेमतेम वीस-पंचवीस तास उडायचं. ऑफर लेटरवर हे कुठेच नसतं.

या सापळ्यात पोरं का सापडतात, ते आधी सांगतो. २०० तासांचं फ्लाइंग करून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात येईपर्यंत घरचा पैसा संपलेला असतो आणि बँकेचा हप्ता सुरू झालेला असतो. २०२३ मध्ये विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली, तोवरचा उच्चांक. एअरलाइनची भरती निघेल तेव्हा निघेल, तोवर मेडिकल दरवर्षी चालू ठेवायचं आणि नातेवाइकांना उत्तरं देत बसायचं. अशात मुंबईच्या एका नॉन-शेड्यूल्ड (ठरलेलं वेळापत्रक नसलेल्या, चार्टर उडवणाऱ्या) ऑपरेटरकडून फोन येतो. जॉब पक्का, फक्त टाइप रेटिंग स्वखर्चाने, तेही आमच्यामार्फतच. सोळा लाख. ऑप्स मॅनेजर मला म्हणाले होते, "अरे, एअरलाइनमध्ये बस चालवशील. खरं फ्लाइंग इथे आहे." हे वाक्य ते प्रत्येकाला ऐकवतात हे पुढे बॅचमधल्या पोरांकडून कळलं.

ऑफर लेटर ऑपरेटरच्या लेटरहेडवर होतं, पण पैसे भरायचे होते एका एव्हिएशन कन्सल्टन्सीच्या खात्यात. पत्ता तोच, मजलाही तोच. बाबांनी विचारलं तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "काका, ते फक्त अकाउंटिंगसाठी आहे हो." कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर दोन्ही कंपन्यांचे संचालक कुणालाही बघता येतात, एक नाव दोन्हीकडे आहे. शिवाय तीन वर्षांचा बाँड आणि तारीख-रक्कम न टाकलेले, सही केलेले चेक. सिक्युरिटी म्हणून.

ट्रेनिंग खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. परदेशात सिम्युलेटर झालं, रेटिंग लायसन्सवर चढलं. म्हणून तर पोलिसांत गेलं की "तुम्हाला सेवा मिळाली ना?" असं ऐकावं लागतं. फसवणूक पुढे आहे. आमच्यातल्या एकाने सिम्युलेटर सेंटरला थेट मेल टाकून कोटेशन मागवलं. आकडा आमच्या सोळा लाखांच्या निम्म्याच्या थोडा वर निघाला. उरलेल्या पैशांतून आमचे पगार होत होते. सुरुवातीचे महिने पगार एक तारखेला जमा व्हायचा, कारण तो पैसा आमचाच होता. तो संपत आला की पुढची बॅच यायची. पुढची बॅच लांबली की पगार लांबायचा.

पगार "दीड लाखापर्यंत" सांगितला होता. प्रत्यक्षात फिक्स चाळीस हजार, बाकी ठरावीक तासांच्या वर उडलात तर तासाप्रमाणे. एका विमानावर सहा को-पायलट असताना त्या तासांच्या जवळपासही कुणी पोहोचत नाही. फिक्स रकमेलाही अट होती: वैमानिक 'करंट' असला पाहिजे. त्यासाठी पायलट प्रोफिशियन्सी चेक, म्हणजे उड्डाण-कौशल्याची चाचणी, दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. कंपनी सहांपैकी दोघांना पाठवायची. बाकीच्यांच्या चाचणीची मुदत संपली की चाळीस हजारही बंद, आणि चाचणी स्वतःच्या पैशाने करून या. बाँड मात्र चालूच.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तेवढं भरपूर उडालो. पहाटे कालिनाच्या, खासगी विमानांच्या जीए टर्मिनलला पोहोचायचं. छोट्या विमानात केबिन क्रू नसतो, त्यामुळे पाण्याचे बॉक्स, नाश्त्याचे डबे, सीटची हेडरेस्ट कव्हरं, टॉयलेटची सफाई, सगळं को-पायलटकडे. त्याबद्दल तक्रार नाही, या धंद्यात ते चालतं. तक्रार वेळेची आहे. मराठवाड्यातल्या एका धावपट्टीवर साहेब सभा आटोपून बाराला येणार होते, ते उजाडले चारला. खोली नाही, पंखा नाही, आम्ही दोघं विमानाच्या पंखाखालच्या सावलीत बसलेलो आणि कॅप्टन सर दर अर्ध्या तासाने पीएला फोन करून सांगतायत की सूर्यास्तानंतर इथून निघता येणार नाही. रात्री ड्युटी शीट, म्हणजे कामाच्या तासांची नोंद, पाहिली तर रिपोर्टिंग साडेसातचं आणि मधले चार तास हॉटेलात विश्रांती. सकाळच्या ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या (दारूच्या चाचणीच्या) नोंदीवर वेळ होती पाच दहाची. मी त्या दोन्ही कागदांचे फोटो काढले. तुम्हीही काढत जा. वाद झाला की तोंडी सांगण्याला कुणी विचारत नाही.

करारात आम्ही कर्मचारी नव्हतो, 'कन्सल्टंट' होतो. म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, दहा टक्के टीडीएस कापून हातात उरेल ते. तो कापलेला टीडीएस फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या नोंदीत, दिसतच नव्हता. कापला, पण भरलाच नाही. कापलेला कर कंपनीने भरला नाही म्हणून खात्याला तो तुमच्याकडून वसूल करता येत नाही, पण कापल्याचा पुरावा हवा. म्हणून पे-स्लिप आणि बँक स्टेटमेंट जपा. २६एएस दर तिमाहीला उघडून बघा. कंपनीची तब्येत त्यात पगाराच्या आधी कळते.

सोडतो म्हटल्यावर एनओसी, म्हणजे कंपनीचं ना-हरकत पत्र, अडली आणि चेक भरण्याची धमकी आली. इथे बरेच जण बँकेला 'स्टॉप पेमेंट' सांगून मोकळे होतात. तेवढ्याने सुटका नाही; स्टॉप पेमेंटने परतलेल्या चेकवरही कलम १३८ (चेक न वटल्याचा गुन्हा) लागू शकतं. चेक वटण्याआधीच वकिलामार्फत लेखी कळवावं लागतं की हे सिक्युरिटीचे कोरे चेक आहेत, देणं काही नाही. बाँड मुळातच बेकायदा असतो, या भ्रमातही राहू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात दोन लाखांचा बाँड वैध धरला. आमच्यासारख्या प्रकरणात वाद रकमेचा होतो: कंपनीने ट्रेनिंगवर स्वतःचा किती खर्च केला? आमच्यावर तर एक रुपयाही नव्हता. आमच्या वकिलांनी नोटिशीत सिम्युलेटर सेंटरचं कोटेशनच जोडलं.

डीजीसीएच्या साइटवर नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटरांची यादी असते, विमानांसकट. त्यातला व्हीटीने सुरू होणारा नंबर फ्लाइट ट्रॅकिंग साइटवर टाका आणि महिनाभर बघा विमान किती उडतंय ते. मग तिथल्या एखाद्या को-पायलटला गाठा, पण कंपनीने दिलेल्या नंबरवर नको, हँगरबाहेरच्या चहाच्या टपरीवर.

नोटीस गेल्यावर आठवड्याभरात एनओसी आली. थकलेले पगार आणि टीडीएस अजून आलेले नाहीत, चेकही परत मिळालेले नाहीत.