सिझेरियनपूर्वी भूलतज्ज्ञांचा सल्ला: बीपी, जनुके आणि एक उत्तम सेवा

पुण्यातील ज्या प्रसूती रुग्णालयात माझे सिझेरियन झाले, तेथे शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी भूलतज्ज्ञांची स्वतंत्र भेट ठरवून दिली जाते. ही भेट म्हणजे ‘फिटनेस’च्या कागदावरची केवळ सही असेल, असे अनेकींना वाटते, माझ्या मते त्या रुग्णालयातील ही सर्वांत मोलाची सेवा आहे.

बाळ पायाळू असल्याने सिझेरियन आधीच ठरले होते. माझ्या थोरल्या बहिणीला पाठीत भूल दिल्यानंतर तिचे बीपी एकदम पडले होते आणि तिला उलट्या झाल्या होत्या, त्यामुळे हे आमच्या घराण्यातच आहे का आणि आधी एखादी जनुकीय तपासणी करून घ्यावी का, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी प्रश्न झटकून टाकला नाही. पाठीतील भुलेमुळे रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही बधिर होतात, वाहिन्या सैलावतात, त्यात गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि बीपी घसरते. म्हणजे कमीअधिक प्रमाणात हे बहुतेक मातांमध्ये घडू शकते, असे त्यांनी आधी समजावले. ते किती घसरेल आणि सावरायला किती औषध लागेल, यात जनुकांचा काही वाटा असू शकतो, हेही त्यांनी मान्य केले.

घरी आल्यावर मी याविषयी वाचले. रिचर्ड स्माइली, रूथ लँडाऊ आणि सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बीटा-2 ग्राहीच्या (पेशीवरील ज्या प्रथिनाशी जोडले जाऊन औषध काम करते त्याच्या) जनुकाकडे पाहिले होते. या ग्राहीच्या 16व्या स्थानी आर्जिनिन किंवा ग्लायसिन यांपैकी एक अमिनो आम्ल असते. ज्या मातांना आई आणि वडील अशा दोघांकडूनही ग्लायसिनचे रूप मिळाले होते, त्यांना बीपी टिकवण्यासाठी एफेड्रिन हे बीपी वाढवणारे औषध कमी लागले. मात्र 2011 साली हाँगकाँगमधील चिनी मातांच्या अभ्यासात आईच्या जनुकाचा औषधाच्या गरजेवर तसा परिणाम दिसला नाही. एफेड्रिन दिल्यावर बाळाच्या रक्तातील आम्लतेत जो फरक दिसला, तो बाळाच्या स्वतःच्या जनुकाशी निगडित होता. शिवाय बीपी सावरण्यासाठी आता पहिली पसंती असलेले औषध फिनाइलेफ्रिन थेट अल्फा या वेगळ्या ग्राहींवर काम करते, त्यामुळे बीटा-2 जनुकाचा अहवाल हाती असता तरी माझ्या भुलेचा बेत बदलला नसता. डॉक्टरांनी मला तपासणीच्या खर्चात न पाडता ‘याची गरज नाही’ असे स्पष्ट सांगितले, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

कुटुंबाची माहिती मात्र त्यांनी बारकाईने विचारली. पूर्ण भूल दिल्यावर घरातील कोणाचा श्वास सुरू व्हायला फार उशीर लागला होता का, कोणाला अचानक प्रचंड ताप चढला होता का, हे प्रश्न त्यांनी दोनदा विचारले. पूर्ण भुलेत स्नायू सैलावणारे सक्सिनिलकोलिन हे औषध शरीरात फुटण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) काही घराण्यांत जन्मतः कमी असते, त्यामुळे श्वास परतायला उशीर लागतो, आणि आपल्याकडे आर्य वैश्य समाजात हे प्रमाण अधिक आढळते. आनुवंशिकतेमुळे भुलेचे औषधच बदलावे लागते ते अशा ठिकाणी.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळीही तीच दक्षता दिसली. भूल देताच मला उताणे निजवून उजव्या कुशीखाली उशी सरकवली, सलाईन वेगाने सोडले आणि फिनाइलेफ्रिनचा पंप बीपी पडण्याची वाट न पाहता सुरू केला. मूळच्या वरच्या आकड्याच्या 90 टक्क्यांखाली बीपी जाऊ द्यायचे नाही, हे 2018 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रातील उद्दिष्ट डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. दंडावरचा पट्टा दर मिनिटाला आवळत होता. ‘मळमळलं की लगेच सांगा, मशीनला आकडा दाखवायला वेळ लागतो,’ असे त्या माझ्या उशाशी उभ्या राहून सांगत होत्या. स्पिरिटचा बोळा पोटावरून छातीकडे नेत गार कुठे लागते ते त्यांनी पाहिले आणि मगच शल्यविशारदांना सुरुवात करण्याची खूण केली. एकदा मला कसेसेच झाले, मी तसे म्हणताच त्यांनी पंपाचा वेग वाढवला आणि मिनिटभरात मळमळ थांबली. बाळाचे पहिले रडणे मी पूर्ण शुद्धीत ऐकले.

दोन गोष्टी सुधारायला हव्यात. संमतीपत्र केवळ इंग्रजीत होते आणि ते शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी घाईत हाती आले. एवढी नीट चर्चा होत असताना तेच पत्र मराठीत, भेटीच्याच दिवशी देणे कठीण नाही. भूलतज्ज्ञांचे शुल्क वेगळे आकारले जाते, तेही आधी लेखी कळवायला हवे.

घरात कोणाला भुलेचा त्रास झाला असेल, तर भेटीला जाताना डिस्चार्ज कार्डावर विसंबू नये, कारण त्यावर सहसा भुलेचे तपशील नसतात. त्या रुग्णालयाकडे भुलेच्या नोंदीच्या कागदाची प्रत मागावी. माझ्या बहिणीच्या कागदावर कोणते औषध किती वेळा द्यावे लागले, हे वाचूनच डॉक्टरांनी माझा पंप आधी तयार ठेवला होता.